उर्वरित कापडाचे पुनर्योजन: सीवन, रंगलेपन आणि स्टेन्सिल

१. संज्ञा आणि निकष

‘उर्वरित कापड’ या संज्ञेत तीन भिन्न पदार्थ येतात. (१) कात्रण, म्हणजे बेतताना नमुन्याबाहेर राहिलेले कोरे कापड. (२) जीर्ण वस्त्र, म्हणजे वापरून झालेले, पण सर्वत्र सारखे न झिजलेले कापड. (३) संचय, म्हणजे कधीच न बेतलेले, कपाटात पडून असलेले कापड. कात्रणाचा तंतू ताजा असतो. आकार मात्र लहान आणि अनियमित. जीर्ण वस्त्राचा आकार मोठा असतो. बल मात्र जागोजागी वेगळे. संचयात दोन्ही गुण असतात आणि उणीव असते ती केवळ प्रयोजनाची. मराठी घरातील संचयाचा ठळक घटक म्हणजे ओटीत आलेले ब्लाउजपीस. ८० सेंटिमीटर ते १ मीटर लांबीचे हे तुकडे एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात आणि त्यांतील पुष्कळ शिंप्यापर्यंत कधी पोहोचतच नाहीत. या तिन्हींना सरसकट चिंध्या म्हणणे सोयीचे असले तरी विवेचनास घातक आहे, कारण एकास मानवणारी प्रक्रिया दुसऱ्याचा नाश करते.

‘अलंकरण’ म्हणजे कापडाच्या पृष्ठावर किंवा रचनेत दृश्य भेद उत्पन्न करणे. त्याच्या येथे विचारात घेतलेल्या प्रक्रिया तीन: मुक्तहस्त रंगलेपन, स्टेन्सिलद्वारा रंगलेपन आणि सीवन. पहिल्या दोहोंत पृष्ठावर नवे द्रव्य चढते. खालच्या कापडाचे बल त्याने वाढत नाही. सीवनात दृश्य भेदही उत्पन्न होतो आणि कापडाची रचनाही बदलते. हा फरक पुढील संपूर्ण मांडणीचा पाया आहे.

‘पुनर्योजन’ हे केवळ पुनर्वापराहून अधिक काही मागते. ते सिद्ध होण्यास दोन अटी आहेत. पहिली अट: नव्या वस्तूचे सेवा-आयुष्य, त्या कापडाचे एरवी जे आयुष्य उरले होते, त्याहून दीर्घ असावे. दुसरी अट: त्यासाठी आणलेले नवे द्रव्य मूळ कापडाच्या मानाने अल्प असावे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या फलकाखाली प्रदर्शनांत मांडलेल्या अनेक वस्तू दुसऱ्या अटीपाशीच गळतात. नवे कॅनव्हास, नवे अस्तर, नवी चेन आणि वर जुन्या साडीच्या काठाची चार बोटे रुंद पट्टी, अशी पिशवी ही नवी पिशवीच होय. जुना काठ तिच्यावर अलंकार म्हणून आला आहे.

२. प्रदेश आणि पुरवठा

ठाणे ते कल्याण हा पट्टा कापडाचा केवळ ग्राहक नाही. खाडीपलीकडील भिवंडी हे यंत्रमागांचे केंद्र; तेथून मुख्यतः कोरे, न रंगवलेले कापड निघते. कल्याणला लागून असलेले उल्हासनगर फाळणीनंतर लष्करी छावण्यांच्या जागेत सिंधी निर्वासितांनी वसवले. १९४९ मध्ये त्यास हे नाव मिळाले, आणि पुढे ते जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध झाले. तेथील गजानन मार्केट आणि जपानी बाजार ही नावे डोंबिवलीतील शिवणकाम करणाऱ्या स्त्रीस पत्ता न विचारता ठाऊक असतात. शहाडला रेयॉनचे उत्पादन होते. ठाण्यातील रेमंडची लोकरी गिरणी १९२५ मध्ये सुरू झाली व २००९ मध्ये बंद पडली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंग, रसायने आणि कापडावरील प्रक्रिया यांचे कारखाने आहेत. अशा रीतीने सूत, वीण, रंग आणि शिलाई या चारही अवस्था एका लोकलच्या टापूत सापडतात, आणि प्रत्येक अवस्था आपापले उर्वरित मागे ठेवते.

पुरवठ्याच्या उगमावरून पदार्थाचा प्रकार बहुधा निश्चित होतो. लेडीज टेलरकडील पिशवीत ब्लाउज आणि कुडत्यांची कात्रणे असतात. त्यांत मुंढ्याच्या व गळ्याच्या वक्रांमुळे चंद्रकोरीसारखे तुकडे अधिक. जीन्सच्या युनिटमधून येणारी कात्रणे जाड, सलग रंगाची आणि पट्ट्यांच्या रूपात असतात. सूटिंगच्या दुकानांतून बाद झालेल्या नमुना-पुस्तकांचे तुकडे मात्र एकाच मापाचे व कंगोरेदार कडांचे असतात. अशी कड कापडाच्या धाग्यांना तिरपी जात असल्याने लवकर उसवत नाही. शिवणकामास इतका तयार पदार्थ दुसरा नाही आणि तो सर्वांत कमी मागितला जातो.

जीर्ण वस्त्राचा प्रवाह घरातून निघतो. त्याचा मोठा भाग पूर्वापार बोहारणीकडे जात आला: कपडे द्यायचे, भांडे घ्यायचे, आणि मधल्या वेळात घासाघीस करायची. बोहारीण अखंड वस्त्राची किंमत करते. फाटके किंवा डागाळलेले तिच्या हिशेबात नगण्य. म्हणून घरात जे उरते ते तिच्या कसोटीखालचे असते, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय मुख्यतः तेच आहे.

३. तंतूचे निदान

उगम कळला तरी तंतू कळतोच असे नाही. दुकानात सुती म्हणून घेतलेले अनेकदा मिश्र निघते. निदानासाठी कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळावेत. सूत झपाट्याने पेटते, जळत्या कागदाचा वास देते आणि मऊ करडी राख ठेवते. रेयॉनही तसेच जळते, कारण दोन्ही सेल्युलोजच. लोकर व रेशीम यांना जळत्या केसांचा वास येतो आणि ज्वाळा काढली की ती विझू पाहतात. पॉलिएस्टर आधी आकसते, मग वितळते आणि कडक गोळी मागे ठेवते. राख आणि गोळी दोन्ही आढळल्यास कापड मिश्र समजावे. शाळेच्या गणवेशाचे टेरिकॉट याच वर्गातले.

सूत व रेयॉन यांतील भेद पाण्याने कळतो. सूत ओले असता अधिक बळकट होते, रेयॉन दुर्बळ होते. ओला धागा ताणताच रेयॉन तुटतो. शहाडच्या शेजारी राहून हा भेद ठाऊक नसावा हे थोडे विचित्रच. रेयॉनची मऊ कात्रणे गोधडीच्या वरच्या थरात आली की पहिल्या दोनचार धुण्यांत टाक्यांच्या जागी भोके पडू लागतात, आणि दोष दोऱ्यास दिला जातो.

निदानानंतरची क्रिया धुणे ही होय, आणि ती सर्व प्रकारांस समान आहे. कोऱ्या कापडावर खळ असते. ती असेपर्यंत रंग आत मुरत नाही. शिवाय कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटून झालेले असते. दोन्ही न धुता एकत्र शिवल्यास पुढे नवे आटते, जुने आटत नाही, आणि सांध्यावर चुण्या पडतात. डेनिमबाबत धुण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच्या उभ्या धाग्यावरील नीळ मुख्यतः बाहेरच्या थरात असते, गाभा पांढराच राहतो. म्हणून ती घासली की सुटते आणि शेजारच्या फिकट तुकड्यास लागते. पाणी निवळ निघेपर्यंत डेनिम वेगळे धुवावे.

४. आकारमान आणि शिवणहानी

तंतू ठरल्यावर दुसरा निर्णायक गुण म्हणजे आकारमान. येथे साधे गणित करणे आवश्यक आहे, कारण जोडकामातील बहुतेक निराशेचे मूळ ते न करण्यात असते.

चौकोनी तुकडे कडेला कड जोडून शिवायचे असतील तर प्रत्येक बाजूस १ सेंटिमीटर शिवण आत जाते असे धरू. तयार चौकोन २० सेंटिमीटरचा हवा असेल तर तुकडा २२ चा लागतो: ४८४ चौरस सेंटिमीटर कापडातून ४०० दिसतात, म्हणजे हानी सुमारे १७ टक्के. १० सेंटिमीटरच्या चौकोनास १२ चा तुकडा: १४४ पैकी १०० दिसतात, हानी सुमारे ३१ टक्के. ५ सेंटिमीटरच्या चौकोनास ७ चा तुकडा: ४९ पैकी २५ दिसतात, हानी सुमारे ४९ टक्के. तुकडा जितका लहान तितका कापडाचा मोठा हिस्सा शिवणीत गडप होतो. दोऱ्याचे गणितही त्याच दिशेने जाते. एक चौरस मीटर जोडकामात २० सेंटिमीटरच्या चौकोनांना सुमारे १० मीटर टीप लागते, ५ सेंटिमीटरच्या चौकोनांना सुमारे ४०. श्रम चौपट होतात आणि निम्मे कापड दृष्टीआड जाते. त्यातून जे मिळते ते जाड, ताठ आणि सांध्यांनी भरलेले असते.

यावरून एक सीमा निघते. तयार चौकोन १० सेंटिमीटरहून मोठा देऊ शकणारा तुकडा कड-जोड पद्धतीस योग्य. त्याहून लहान तुकडा आधार-कापडावर ठेवून शिवण्याच्या पद्धतीस द्यावा. तेथे कड एकदाच दुमडली जाते, किंवा काजाच्या टाक्याने न दुमडताच बांधली जाते, आणि हानी जवळजवळ नाहीशी होते. मुंढ्याच्या चंद्रकोरी सरळ करून चौकोन काढण्याचा हट्ट याच कारणाने त्याज्य ठरतो. वक्र तुकड्याचा वक्र हाच आकृतिबंध मानावा. आधारावर त्यांच्या पाकळ्या, मासे, लाटा सहज होतात.

आकारमानाच्या जोडीने दिशाही पाहावी लागते. कापड उभ्या धाग्याच्या दिशेने सर्वांत कमी ताणते, आडव्या दिशेने थोडे अधिक, आणि दोहोंच्या मधल्या तिरप्या, म्हणजे उरेब दिशेने सर्वांत जास्त. उरेब कडेचा तुकडा सरळ कडेशी जोडला की मशीनखाली तो लांबतो आणि सांधा लहरतो. मात्र हाच गुण गोल कडेस पट्टी लावताना उपकारक असतो. कात्रणांतून उरेब पट्ट्या आधी वेगळ्या काढून ठेवाव्यात. बाजारातील पाईपिंगची लडी त्यामुळे विकत घ्यावी लागत नाही.

५. आधारावरील सीवन: गोधडी आणि रल्ली

आधारावर तुकडे बसवण्याच्या दोन परंपरा या पट्ट्यात शेजारी नांदतात. मराठी गोधडीत थरांना प्राधान्य आहे. जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक घालून, वरून ठिगळे मांडून, सर्व थरांतून धावदोरा घातला जातो. एकच टाका अस्तर बांधतो, भरण धरतो, ठिगळ बसवतो आणि पृष्ठावर रेषाही उमटवतो. अलंकरण आणि बांधणी या दोन क्रिया येथे वेगळ्या करताच येत नाहीत, आणि म्हणून निकषाची पहिली अट गोधडी सर्वांत सहज पूर्ण करते. जीर्ण साडीतला प्रत्येक थर एकटा दुर्बळ. पण टाक्यांच्या ओळी जवळजवळ असल्याने एका थराची फाट पुढच्या ओळीपाशी थांबते, आणि तोवर भार खालच्या थराने घेतलेला असतो.

गोधडीच्या मापाचे कारण नऊवारीत आहे. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. हे लुगडे लांबीत चार पदरी घातले की सुमारे २.०५ मीटर लांबीचा थर होतो, आणि पन्हा माणसाच्या अंथरुणाएवढा असतोच. कातर न लावता एका लुगड्यातून एका माणसाचे पांघरूण निघते. आजची साडेपाच मीटरची गोल साडी तीन पदरी घातली तर १.८३ मीटर येते, दोन पदरी घातली तर २.७५, दोन्ही मापे गैरसोयीची. नऊवारी नित्य वापरातून गेल्यावर गोधडी करणाऱ्यांस प्रथमच कापावे आणि जोडावे लागले. शहरी गोधडीत ठिगळांची संख्या वाढण्यामागे आवडीइतकाच हा भूमितीचा भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साडीची झीजही समान नसते. खालचा काठ जमिनीशी आणि पायांशी घासून आधी जातो, निऱ्या खोचण्याची जागा त्यानंतर. पदर पुष्कळदा शाबूत राहतो. म्हणून झिजलेला भाग भरणात, पदर दर्शनी थरात, आणि काठाचा चांगला अंश कडेस, अशी वाटणी करावी. सिंथेटिक साड्यांच्या गोधड्यांबाबत मात्र सावधगिरी हवी. त्या कुजत नाहीत, लवकर वाळतात आणि म्हणून पावसाळ्यात प्रिय असतात. पण घाम शोषत नाहीत आणि थर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे टाक्यांच्या ओळी अधिक जवळ घ्याव्या लागतात. तान्ह्या बाळाच्या दुपट्यास त्या अयोग्यच.

सिंधी रल्लीत प्राधान्य पृष्ठाला आहे. तुकड्यांच्या जोडकामातून किंवा एका रंगाचे कापड घडी घालून कातरून दुसऱ्या रंगावर बसवून, पृष्ठभाग भूमितीय आकृत्यांनी पूर्ण भरला जातो. थर बांधणारा धावदोरा त्यानंतर येतो. कल्याणच्या मराठी आणि उल्हासनगरच्या सिंधी घरांत अंतर काही किलोमीटरांचे असूनही या दोन पद्धतींची तुलना क्वचितच झालेली दिसते. शिकणाऱ्यास ती फार उपयुक्त आहे. रल्ली आकृतीची शिस्त शिकवते; गोधडी काटकसर शिकवते. ताजी, सलग रंगाची कात्रणे मुबलक असतील तर रल्लीकडे वळावे. जुनी, छापील आणि कमकुवत वस्त्रे असतील तर गोधडीकडे.

६. रंगलेपन

कापडावर रंग दोन प्रकारे टिकतो. पहिल्या प्रकारात रंजक तंतूत शिरतो आणि तेथे रासायनिक किंवा भौतिक बंधाने राहतो. गिरणीतील रंगाई ही अशी. दुसऱ्या प्रकारात रंगद्रव्याचे अविद्राव्य कण बंधकाच्या पातळ पापुद्र्यात अडकून तंतूंच्या वर व मधल्या पोकळीत बसतात. घरगुती फॅब्रिक रंग दुसऱ्या प्रकारचे आहेत. महाराष्ट्रात ते घराघरांत पोहोचले ते फेव्हिक्रिलच्या बाटल्यांतून आणि दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनच्या कॅमल रंगांतून. पाणी उडून गेले की अ‍ॅक्रिलिक बंधकाचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो. उष्णतेने ती क्रिया पूर्णत्वास जाते. म्हणून रंग एक दिवस वाळू द्यावा, मग मध्ये सुती कापड ठेवून उलट्या बाजूने वाफेविना इस्त्री फिरवावी आणि पुढे काही दिवस धुऊ नये.

पापुद्र्याच्या या स्वरूपातून पुढील परिणाम निघतात. खडबडीत, सच्छिद्र सुतावर पापुद्रा रुजतो. पॉलिएस्टरच्या गुळगुळीत अखंड तंतूवर त्याची पकड कमी, आणि धुण्यात तो कडेने उचलला जातो. जाड थर घडीवर तडकतो. दोन पातळ हात एका जाड हाताहून बरे. पाणी घालून रंग पातळ केल्यास बंधकही विरळ होतो आणि रंग धुण्यात जातो. पातळ करायचे तर मीडियम वापरावे. पारदर्शी रंग गडद कापडावर दिसतच नाही. डेनिमवर पिवळा लावला तर मळकट हिरवा मिळतो. तेथे आधी पांढऱ्या अपारदर्शी रंगाचा हात, तो वाळल्यावर इष्ट रंग.

सर्वांत महत्त्वाचा परिणाम यांत्रिक आहे. रंगवलेला भाग भोवतालच्या भागाहून ताठ होतो. कापड ताणले जाते तेव्हा ताण मऊ आणि ताठ भागांच्या सीमेवर एकवटतो. ताज्या कापडास तो सोसतो. विरलेल्या कापडास सोसत नाही, आणि फाट नेमकी रंगाच्या कडेने जाते. विरलेल्या साडीवर किंवा चादरीवर डाग झाकण्यासाठी फूल रंगवण्याची रीत याच कारणाने फसते. डाग झाकला जातो, आयुष्य घटते, आणि पहिली अट मोडते. तेथे ठिगळ हाच योग्य उपाय, कारण ठिगळ झाकते आणि धरतेही.

यावरून तीन पदार्थ व तीन प्रक्रिया यांचा संबंध जुळवता येतो. जीर्ण वस्त्रास सीवन. कात्रणास सीवन किंवा मुक्तहस्त रंगलेपन, कारण प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा असतो आणि हातच त्याच्याशी जुळवून घेऊ शकतो. संचयास स्टेन्सिल, कारण पुनरावृत्तीस लागणारे सलग, सपाट, ताजे क्षेत्र तेथेच मिळते. ही जोडी काटेकोर नाही. जुन्या जीन्सच्या पोटरीमागचा भाग जीर्ण वस्त्रातला असूनही ताज्या कापडाइतका सशक्त असतो आणि रंग उत्तम घेतो. मात्र तीत स्ट्रेचचा अंश असेल तर रंगाचा पापुद्रा ताणाबरोबर फुटतो, म्हणून ओढून पाहावी.

७. स्टेन्सिल

स्टेन्सिल म्हणजे ज्याचा कापलेला भाग रंग जाऊ देतो आणि उरलेला भाग अडवतो असा पत्रा. मराठी घरास त्याचा जवळचा नातेवाईक परिचित आहे: रांगोळीचा छाप. दोहोंत भेद एवढाच की छापात आकृती सुट्या छिद्रांची असते, स्टेन्सिलमध्ये सलग पोकळीची. छिद्रे सुटी असल्याने छापाचा पत्रा कोठेही तुटत नाही. सलग पोकळीत मात्र बेटांचा प्रश्न उभा राहतो. पोकळीने पूर्ण वेढलेला भाग सुटून पडतो; तो धरून ठेवण्यास पूल लागतो.

देवनागरी अक्षरांत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. ‘ठाणे’ या नावात ठ आणि ण यांच्या पोटात एकेक बेट. ‘कल्याण’मध्ये क च्या डाव्या गोलात, तसेच य आणि ण यांच्या पोटात एकेक. ‘डोंबिवली’मध्ये ब च्या पोटात तिरप्या रेघेमुळे दोन, व मध्ये एक, आणि दोन्ही वेलांट्या शिरोरेषेस दोन्ही टोकांनी टेकत असल्यामुळे त्यांच्याखाली एकेक: एकूण पाच. गावाचे नाव पिशवीवर छापणाऱ्याने पूल आधी आखावेत, मग कापावे. शिरोरेषा दर अक्षरागणिक तोडली तर पत्र्यास बळकटी येते आणि वाचनास बाधा येत नाही. पूल नंतर ब्रशाने बुजवता येतात. पण ते तसेच ठेवले तर अक्षर अधिक प्रामाणिक दिसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

पत्र्यासाठी जाड पारदर्शक प्लास्टिक किंवा जुनी एक्स-रे फिल्म पुरते. रंग लावण्याची रीत ओढण्याची नसून टिपण्याची: आखूड, बोथट ब्रश किंवा स्पंज, त्यावर अगदी थोडा रंग, आधी कागदावर टिपून मग कापडावर. रंग जास्त झाला की तो पत्र्याखाली शिरतो. तो कापडावरून पुसता येत नाही, आणि दहा पुनरावृत्तींपैकी एक बिघडली तरी सगळी ओळ बिघडते.

आकृतिबंधाची निवड याच तांत्रिक कसोटीवर करता येते. वारली आकृती, म्हणजे दोन त्रिकोणांचे धड, भरीव गोल डोके आणि रेषांचे हातपाय, जवळजवळ बेटविरहित आहे. म्हणून ती स्टेन्सिलला उत्तम मानवते. फक्त दोन त्रिकोणांची टोके मिळतात ती कंबर फार निरुंद कापू नये. वारली चित्रांचा प्रदेश १ ऑगस्ट २०१४ पर्यंत प्रशासकीयदृष्ट्या ठाणे जिल्ह्यातच होता. त्या दिवशी पालघर वेगळा झाला. डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मूळ चित्र गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे. कापडावर त्याची जागा अपारदर्शी पांढरा रंग आणि गडद कापड घेते. मात्र लग्नात सवाशिणींनी काढायचा देवीचा चौक या विवेचनातून वगळावा. एकात एक चौकटींमुळे तो स्टेन्सिलने साधत नाही हे तांत्रिक कारण. पायपुसण्यावर देवीचा चौक असू नये हे कारण त्याहून मोठे.

८. क्रियाक्रम

तिन्ही प्रक्रिया एका वस्तूत येतात तेव्हा क्रम निर्णायक ठरतो. स्टेन्सिलला सपाट पृष्ठ लागते. शिवणीच्या उंचवट्यावर पत्रा टेकत नाही आणि रंग खाली पाझरतो. म्हणून स्टेन्सिल कापल्यानंतर पण शिवण्यापूर्वी. शिवणीसाठी राखलेली १ सेंटिमीटर कड रंगविरहित ठेवावी, नाहीतर दुमड ताठ होते आणि मशीनचा पाय अडखळतो. मुक्तहस्त रंगलेपन शिवल्यानंतरही चालते, किंबहुना सांध्यावरून जाणारी वेल तेव्हाच सलग काढता येते. हाताचा धावदोरा मात्र रंगलेल्या भागातून घालू नये: पापुद्रा सुईस अडवतो आणि पडलेले भोक बुजत नाही. रंगाचे आणि टाक्याचे क्षेत्र आखणीतच वेगळे करावे.

क्रमास ऋतूचेही बंधन आहे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रतेमुळे पापुद्रा नीट जमत नाही, आणि ग्रिलमध्ये वाळत घातलेला तुकडा संध्याकाळी हातास चिकटतो. पावसाळा निवड, कापणी आणि सीवन यांना द्यावा. येथे एक अडचण उद्भवते. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिक पिशव्यांबरोबर सजावटीचे थर्माकोलही बंद झाले, आणि गणपतीच्या मखरास कापडी पडद्यांची मागणी वाढली. पण गणपती येतो तो नेमका ओल्या दिवसांत. मखराचे रंगकाम म्हणून मे महिन्यातच उरकावे. साठवणीतही ओल हाच शत्रू. न वाळलेल्या कात्रणांच्या गाठोड्यास बुरशी लागते, खळ असलेल्यास कसर.

ब्रश धुण्याचे पाणी हा विषय किरकोळ वाटतो. डोंबिवलीत तो तसा वाटू नये. औद्योगिक वसाहतीच्या परिसरात २०१४ च्या जानेवारीतला हिरवा पाऊस आणि २०२० च्या फेब्रुवारीतला गुलाबी रस्ता तेथील रहिवाशांनी पाहिला आहे. घरगुती रंगाचे प्रमाण त्यापुढे क्षुद्र असले तरी पापुद्रा धरणारा बंधक नळीतही पापुद्राच धरतो. ब्रश आधी चिंधीस पूर्ण पुसावा, मग धुवावा.

९. दुसरे जीर्णत्व

पुनर्योजित वस्तूही झिजते, आणि ती कोणत्या क्रमाने झिजते यावरून तिची रचना योग्य होती की नाही हे ठरते. प्रथम दोरा जावा, मग रंगाचा पापुद्रा, सर्वांत शेवटी कापड. दोरा पुन्हा घालता येतो, रंग पुन्हा लावता येतो. कापड आधी गेले तर दुरुस्तीस आधारच उरत नाही. सुती कापडास जाड पॉलिएस्टर दोरा घातला की हा क्रम उलटतो, कारण दोरा तुटत नाही, कापडास कापतो. पिशवीच्या बंदापाशी हे नेहमी दिसते. तेथे सुती दोरा, टिपेचे टाके लांब आणि आतून आधाराचा तुकडा, एवढ्याने क्रम सुधारतो.

गोधडीबाबत दुसरे जीर्णत्व परंपरेनेच गृहीत धरले आहे: वरचा थर विरला की त्यावर नवी साडी घालून पुन्हा धावदोरा घातला जातो आणि जुनी गोधडी नवीचे भरण होते. या चक्रात फक्त एक पदार्थ बसत नाही, तो म्हणजे रंगवलेले कापड. आत गेलेला पापुद्रा सुईस अडतो, धुतल्यावर घड्यांत तडकतो आणि अंगास टोचतो. ज्या कापडाचा शेवट गोधडीत व्हायचा आहे त्याला ब्रश लावू नये. रंगवलेल्या पिशव्या, पडदे आणि आसने विरल्यावर त्यांतील रंगलेला भाग कापून वेगळा काढावा आणि उरलेलाच भरणास द्यावा.